आचऱ्याच्या रापणीचे बारा शब्द

“मॅडम, आमचे धा शब्द मी आता तेका वॉट्सअपार धाडतंय हां. तो म्हणता दोन तासांत पैशे काढून देतंय,” बाबल तांडेल फोनवर म्हणाले.

“धाडू नकात!” मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मेडिकलवाल्याने जिन्यातून वर डोकं काढलं. “एक शब्द जरी धाडलात तर माझ्या ऑफिसची पायरी चढू नकात. फोन खिशात घाला. चिठ्ये घ्या, पाचही जणांका घ्या, आणि पयली एसटी पकडून मालवणात या.”

मग तांडेल म्हणाले, “बरां. इलंय.”

मी टॅक्स कन्सल्टंट आहे. मालवणच्या बाजारात एका मेडिकल स्टोअरच्या वर माझी एक खोली आहे. एकतीस वर्षं मी लोकांची रिटर्न भरते आहे. होमस्टेवाले, काजूवाले, बोटीवाले, जहाजावर नोकरी करणारे. माझा आवाज मोठा आहे आणि तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. खरं आहे ते. पण आजवर माझ्या एकाही क्लायंटचा पैसा माझ्या सल्ल्याने बुडलेला नाही, हेही त्यांनी म्हणायला हवं.

क्रिप्टो मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकले. जहाजावरच्या पोरांच्या रिटर्नमध्ये ते दिसायला लागलं आणि मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. मला न कळणाऱ्या कागदावर मी सही करत नाही. म्हणून स्वतःच्या खिशातले पाचशे रुपये घालून थोडं विकत घेतलं, इकडून तिकडे पाठवलं, आणि पाठवताना चुकीचं नेटवर्क निवडून सगळं घालवलं. परत पाचशे घातले. दुसऱ्यांदा जमलं. एवढ्या फीमध्ये दुसरी कुठलीही शिकवणी मला मिळाली नसती.

तर तांडेलांचा फोन येण्याच्या आठवडाभर आधी फिलू माझ्याकडे आली होती. फिलू म्हणजे आचऱ्याच्या सांतानची बायको. सांतान जन्मभर मालवाहू जहाजांवर कुक होता. जहाज सोडल्यावर गावी आला आणि रापणीत भागीदार झाला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारते आणि मग दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जो दोर ओढतो त्याला वाटा, आणि जाळ्याच्या मालकांना वेगळा वाटा. या रापणीचे मालक सहा. बाबल तांडेल त्यांचे प्रमुख आणि सांतान सहावा. चैत्रात सांतान छातीत कळ येऊन गेला.

फिलू खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच बोलली.

“बाय, माझ्या घोवाक चोर म्हणतत.”

“कोण म्हणता?”

“सगळेच. तांडेल तोंडार नाय बोलणत, पण सांतानचो वाटो बंद केल्यानी. रापणीतलो दाजी तर तिठ्यार उभो रवान सांगता, सांतानान रापणीचे पैशे खाल्ल्यान म्हणान.” तिने पदराने नाक पुसलं. “माका पैशे नको गो. वाटो पण नको. सांतान चोर नाय, एवढांच तेनी सगळ्यांसमोर सांगूक व्हया.”

मग हळूहळू सगळं कळलं. नव्या जाळ्यासाठी रापणीने बँकेत फंड जमवला होता. काही वर्षांपूर्वी सांतानने सुचवलं की त्यातला चौथा हिस्सा बिटकॉइनमध्ये घालू. जहाजावरच्या ऑफिसरांकडून तो हे ऐकून आला होता. बाकी पाचांनी मान डोलावली. रापणीच्या वहीत तसं लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. बाकी कुणाकडे ई-मेल नव्हता, म्हणून खातं सांतानच्या नावाने निघालं. आता जुनं जाळं कुजलं होतं. नारळी पुनवेनंतर सीझन सुरू करायचा तर नवं जाळं हवं होतं, आणि बँकेतला उरलेला फंड पुरत नव्हता.

सांतानच्या फोनला लॉक होतं. फिलूने तो दुकानात दिला. दुकानदाराने रिसेट करून अगदी नव्यासारखा करून परत दिला, आणि त्यातलं वॉलेटही गेलं. मग तांडेलांच्या जावयाने फोनातल्या सिमवर ओटीपी मागवून सांतानचा ई-मेल उघडून बघितला. त्यात एक्सचेंजचा मेल होता. विकत घेतलेलं सगळं त्याच आठवड्यात खात्यातून बाहेर गेलेलं. खात्यात शिल्लक शून्य. जावई म्हणाला, गेले पैसे. गावाला तेवढं पुरलं.

मी फिलूला आधी बसवलं. पाणी दिलं. मग तो मेल बघितला आणि मला बरं वाटलं.

नवख्यांसाठी इथे थोडं सांगते. एक्सचेंज म्हणजे जिथे रुपये देऊन क्रिप्टो विकत मिळतं आणि परत विकता येतं ती कंपनी. सरकारकडे नोंदणी असलेलीच निवडायची. पॅन, आधार, बँक खातं देऊन केवायसी करायचं. घेतलेलं क्रिप्टो तिथेच ठेवता येतं, पण मग ते कंपनीच्या ताब्यात. ज्यांना स्वतःच्या ताब्यात हवं असतं ते फोनवर वॉलेट काढतात आणि तिकडे पाठवतात. म्हणजे लिलावात घेतलेली सुरमई व्यापाऱ्याच्याच बर्फात न ठेवता आपल्या घरच्या पेटीत आणण्यासारखं. वॉलेट काढताना ते बारा इंग्रजी शब्द देतं. फोन हरवला, मोडला, तरी दुसऱ्या फोनवर तेच बारा शब्द त्याच क्रमाने घातले की वॉलेट उघडतं. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. म्हणून ते कुणालाही सांगायचे नाहीत. नवऱ्याच्या मित्राला नाही, बँकवाल्याला नाही, मलाही नाही.

सांतानने पैसे खाल्ले नव्हते, घरच्या पेटीत आणले होते. आणि बिटकॉइनची गंमत अशी की कुठल्याही वॉलेटचा पत्ता असेल तर त्यात किती आहे ते जगात कुणालाही बघता येतं. नाव दिसत नाही, पण व्यवहार दिसतात. मेलमध्ये पत्ता होता. मी तो कॉम्प्युटरवर घातला. रक्कम आत आलेली एकदाच. बाहेर गेलेलं काही नाही. सांतानने ठेवल्या दिवसापासून कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

“फिलू, हय बघ. पैशे आसत.”

तिने स्क्रीनकडे बघितलं. तिला त्यातलं काही कळलं नसणार. पण ती खुर्चीत बसून हुंदके देऊन रडली, आणि मीही कॉम्प्युटरकडे तोंड करून डोळे पुसले. माझ्यासारखी बाई रडते हे क्लायंटला कळून चालत नाही.

“ते बारा शब्द खंय आसत? सांतानान लिवन ठेवलेले?” मी विचारलं.

“वाटे घातल्यान,” ती म्हणाली.

मला कळेना. मग तिने पिशवीतून सांतानचं जहाजावरचं ओळखपत्राचं पुस्तक काढलं आणि त्यातली घडी घातलेली चिठ्ठी दाखवली, उघडली मात्र नाही. रापणीत मिळेल त्याचे वाटे पडतात. सांतानने बारा शब्दांचेही वाटे पाडले होते. सहा मालक, प्रत्येकी दोन शब्द. कुणी एकटा पळू शकणार नाही. वॉलेट ज्याच्या फोनात होतं तो सांतान तेवढा पळू शकला असता, आणि हे वाटे त्यानेच पाडले. हा हिशेब जगातल्या कुठल्या एक्स्पर्टला सुचला नसता, आणि कुठल्या एक्स्पर्टने तो करूही दिला नसता, कारण सहातली एक चिठ्ठी उंदराने खाल्ली तरी सगळंच बुडालं. पण चोर माणूस असं करील का, एवढाच प्रश्न गावाने स्वतःला विचारायला हवा होता.

मी तांडेलांना निरोप धाडला की पैसे जागेवर आहेत, सगळे भेटायला या. ते येईपर्यंत जावयाने इंटरनेटवरून तो ‘दोन तासांत’वाला रिकव्हरी एजंट शोधला. हे लोक गेलेले पैसे काढून देतो म्हणतात, शब्द मागतात, एक-दोन कमी असले तर कॉम्प्युटरवर हुडकतात, आणि शब्द मिळाले की पैसे खरोखरच काढतात. स्वतःसाठी.

फोन झाला त्याच दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला पाचही जण जिना चढून आले. खोलीत माशांचा, घामाचा आणि तंबाखूचा वास भरला. मी आधी त्यांना झाडलं.

“एका माणसावर तुमचो इश्वास नाय, ज्येच्यावांगडा जन्मभर दोर ओढलास. आणि ज्येचा तोंड बघूक नाय तेका धा शब्द देवक निघालास?”

उत्तर दिलं ते दाजीने. दाजी म्हणजे रापणीतला सगळ्यात संशयी माणूस. त्याने आपली चिठ्ठी लॅमिनेट करून गळ्यातल्या दोऱ्यात ताईतासारखी घातली होती.

“पैशे दिसतत म्हणतास, मगे काढून दाखवा.”

“दाखवतंय. पण माझ्या पद्धतीन.”

माझी पद्धत हळू असते. सांतानचं एक्सचेंजचं खातं आता वापरता येणार नव्हतं, कारण माणूस गेला होता. तांडेलांच्या नावाने काढलं असतं तर सगळा टॅक्स त्यांच्या डोक्यावर बसला असता. पर्यटक रापण बघायला येऊन पैसे देतात म्हणून मी दोन वर्षांपूर्वी रापणीचं स्वतंत्र पॅन कार्ड काढून बँक खातं त्याला जोडून दिलं होतं. तेव्हा हेच सगळे कुरकुरले होते. आता त्याच पॅनवर रापणीच्या नावाने खातं काढायला घेतलं. वहीतल्या ठरावाची कॉपी जोडली. हे क्रिप्टो सांतानचं नसून रापणीचं आहे, असं फिलूचं अ‍ॅफिडेव्हिट लागणार होतं. पाचही जण मनातून घाबरले होते की आता ती अडवणार. तिने मी दाखवलं तिथे सही केली आणि पेन परत दिलं.

केवायसी मंजूर व्हायला अकरा दिवस लागले. रोज सकाळी तांडेलांचा फोन.

“मॅडम, भाव पडलो तर?”

“पडलो तर पडलो.”

“वाढतलो कधी?”

“ता माका कळला असता तर मी मेडिकलच्या डोक्यार पंख्याखाली बसान तुमचे फोन घेतलंय असतंय?”

बाराव्या दिवशी सगळे परत आले. पाच पुरुष आणि फिलू. मी एक कोरा फोन आणून ठेवला होता. वॉलेटचं अ‍ॅप त्यात घातलं होतं. नियम सांगितला. एकेकाने यायचं, आपले दोन शब्द स्वतः टाइप करायचे. “मी भिंतीकडे तोंड करून बसतंय. माका एकही शब्द दिसूक नको, ऐकूक नको. एकदा उघडला की आजच्या आज सगळा रापणीच्या खात्यात न्हेतलव. मगे ह्या शब्दांका किंमत उरणा नाय.”

मी खुर्ची फिरवून कॅलेंडरकडे तोंड केलं. मागे खुर्च्या सरकत होत्या. आयुष्यभर दोर ओढून जाड झालेली बोटं त्या चिमुकल्या अक्षरांवर चाचपडत होती. “मेल्या, थय नाय, हय दाब,” असं मधूनच कुणीतरी कुजबुजायचं. जसे आले त्या क्रमाने सगळ्यांनी घातलं. शेवटी फिलूने घातलं.

“लाल अक्षरां इली,” तांडेल म्हणाले.

मी वळले. अ‍ॅप म्हणत होतं, शब्द चुकीचे. दाजी ताडकन उठला.

“बघितलास? सगळ्यांका खोटे शब्द वाटल्यान! मी सांगलेलंय!”

“गप बस!” मी म्हटलं. शब्द खोटे असतील असं मला एक क्षणही वाटलं नाही. चिठ्ठ्यांवर नंबर नव्हते, ही अडचण होती. वॉलेटला क्रम लागतो. सहा चिठ्ठ्या लावायच्या सातशे वीस तऱ्हा होतात. मी वयाप्रमाणे लावून बघायला सांगितलं. लाल अक्षरं. घरं किनाऱ्यावर ज्या क्रमाने आहेत तशी लावली. लाल अक्षरं. दाजी आता नुसता हसत होता, आणि ते हसणं त्याच्या बोलण्याहून वाईट होतं.

फिलू तोवर कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली आणि मला नाही, तांडेलांना म्हणाली, “चिठ्ये खंय वाटल्यान सांतानान?”

“येळार,” तांडेल म्हणाले. म्हणजे किनाऱ्यावर.

“रापण ओढताना?”

“व्हय. दोर हातात होतो. सांतान एकेकाच्या खिशात घालीत गेलो.”

“मगे उभे रवा तशे,” फिलू म्हणाली.

रापणीत दोराला प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पाण्याकडचा पहिला कोण, त्याच्या मागे कोण, हे वर्षानुवर्षं बदलत नाही. त्यावरून भांडणं झालेली आहेत. नंबर कशाला लिहायचे? सांतानच्या हिशेबी नंबर सगळ्यांच्या पायांनाच ठाऊक होते. माझ्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच पुरुष एकामागे एक उभे राहिले. खिडकीकडे पाणी आहे असं धरून तांडेल पहिले. दाजी तिसरा. आणि शेवटी, दोर गुंडाळणाऱ्याची जागा मोकळी राहिली. ती सांतानची.

फिलू जाऊन त्या जागेवर उभी राहिली.

मी परत कॅलेंडरकडे तोंड केलं. पुन्हा तेच, एकेक जण, एकेक अक्षर. शेवटी फिलूच्या बांगड्या वाजल्या.

“मॅडम,” तांडेल म्हणाले, “उघडला.”

आकडा सांगणार नाही. तो क्लायंटचा आहे. नवं जाळं, नवे दोर, होडीची दुरुस्ती आणि वर बऱ्यापैकी उरेल इतका होता. दाजीने ताईत परत शर्टाच्या आत सारला.

पुढचं काम सोपं, पण घाई करायची नाही असं. वॉलेटमधून एक्सचेंजकडे पाठवताना पत्ता एका अक्षराने चुकला तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून पत्ता हाताने लिहायचा नाही, कॉपी करायचा, आणि पहिली शेवटची अक्षरं जुळवून बघायची. आधी अगदी थोडी रक्कम पाठवायची. ती पोहोचली की मग बाकीची. आम्ही थोडी पाठवली आणि वाट बघत बसलो. मी सगळ्यांना चहा मागवला. चहा संपायच्या आत ती रापणीच्या खात्यात दिसली. मग उरलेली सगळी पाठवली. ती पोहोचल्यावर विकली. विकताना एक टक्का टीडीएस कापला गेला. बाकीचे रुपये दोन दिवसांत रापणीच्या बँक खात्यात आले.

आणि मग मी टॅक्सचं सांगितलं. क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के, वर सेस. खरेदीची किंमत तेवढी वजा होते, बाकी कुठला खर्च नाही. ही रक्कम आजच बाजूला काढा, जाळं घ्यायच्या आधी.

तांडेल उसळले. “सरकार खंय दोर ओढूक येता? वाटो घेवक मात्र पयलो!”

“तां तेंका इचारा. एफडी आजच करूची.”

त्यांनी केली. रागारागाने केली, पण केली.

एक गोष्ट राहिली होती आणि मी मुद्दाम काही बोलले नाही. फिलूनेही नाही. पैसे मिळाले, जाळं आलं, सगळे खूश होते. सांतानबद्दल अवाक्षर नाही. दाजी रस्त्यात भेटला की माझी नजर चुकवायचा. मी ठरवलं, नारळी पुनवेपर्यंत थांबायचं. नाहीच बोलले तर मग माझं तोंड आहेच.

पुनवेला मी आचऱ्याला गेले. किनाऱ्यावर अख्खी रापण जमली होती. फिलू बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. तांडेलांनी नारळ हातात घेतला, पाण्यात गुडघाभर गेले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाला मोठ्याने केलेली विनवणी. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा.

“बा समुद्रदेवा म्हाराजा! आज रापणीचे मानकरी तुका नारळ देवन गाऱ्हाणा घालतत, ता मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“नव्या जाळ्याक बरकत दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तांडेलांनी वळून घोळक्यातल्या फिलूकडे बघितलं.

“आमचो सांतान. तेना आमचा राखल्यान, आणि आमी तेकाच चोर म्हटलव. ती चूक आमची. ती पोटात घाल रे म्हाराजा!”

पहिला आवाज आला, सगळ्यात मोठा, आणि तो दाजीचा होता.

“व्हय म्हाराजा!”

मग सगळा किनारा म्हणाला. तांडेल पुढे म्हणाले की सांतानचा बंद केलेला वाटा मागच्यासकट फिलूला देणार, आणि दोराची शेवटची जागा तिची. ती हवं तर उभी राहील, नको तर मोकळी ठेवू. फिलूने छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे पुसले, आणि साडीचा काष्टा खोवून दोराच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या अनोळखी पर्यटकाला सांगून टाकलं, “हे काम मी केलंय.” त्याला काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

माझी फी चेकने आली. आणि रापण लागली की कुणीतरी एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी देतं, त्यात माझा वाटा असतो. बहुतेक बांगडे.

आता कुणी माझ्याकडे क्रिप्टोचं काम घेऊन आलं की मी किती घातलेत ते आधी विचारत नाही. शब्द कागदावर लिहिलेत का, क्रम लिहिलाय का, आणि तो कागद कुठे आहे हे घरात आणखी कुणाला ठाऊक आहे, असं विचारते. शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असतं. मग मी फाइल मिटते आणि सांगते, उद्या बायकोला घेऊन या.